निवृत्त रेसर ग्रेहाउंड : रिपोर्टवर सगळीकडे बाण, औषधं सुरू करू का?

मृण्मयी_कोलशेत | ११ जून

नमस्कार मंडळी. मार्चपासून आमच्याकडे हरणी आहे. जातिवंत ग्रेहाउंड, वय पाचच्या आसपास, वजन २६ किलो. मिरजेकडच्या एका शेतकऱ्याची, जत्रेतल्या शर्यतींत पळणारी. वेग कमी झाला म्हणून त्यांना ती ठेवायची नव्हती. ओळखीतून कळलं आणि आम्ही घेऊन आलो.

नसबंदी करायची म्हणून आधी रक्त तपासलं, तर रिपोर्टवर सगळीकडे बाणच बाण. पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) ५८, वरचा बाण. प्लेटलेट १ लाख १८ हजार, खालचा बाण. पांढऱ्या पेशी ४,६००, खालचा. क्रिएटिनिन १.७, वरचा. थायरॉइडचं टी-फोर ०.६, खालचा. शिवाय मांड्यांच्या मागच्या बाजूला केस नाहीत, कातडी गुळगुळीत आहे.

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, प्लेटलेट कमी म्हणजे गोचीडताप धरून चालू, २८ दिवस डॉक्सिसायक्लिन द्या. आणि टी-फोर कमी, केस गेलेले, म्हणजे थायरॉइड, गोळी जन्मभर. डॉक्टर चांगले आहेत, मायेने बघतात, पण ग्रेहाउंड त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलाय, असं तेच म्हणाले.

हरणी मात्र मजेत आहे. खाते, ताप नाही, सकाळी कोलशेत खाडीकडच्या रस्त्यावर मला ओढत नेते. ग्रेहाउंड पाळणारं कोणी आहे का इथे? गोळ्या सुरू करू की थांबू?

नौपाड्याचे_नाना | ११ जून

डॉक्सी आजच सुरू करा. ठाण्यात प्लेटलेट खाली आल्या की दुसरा विचार करत बसायचं नसतं. आमचा लॅब्राडोर एर्लिकियाने, म्हणजे गोचीडतापानेच गेला. आठवडाभर जेवणाची कुरकुर करत होता, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. नाकातून रक्त आलं तेव्हा प्लेटलेट २० हजारांवर होत्या. त्यानंतर घरात कुत्रा आणायचं धाडस झालं नाही. किडनीचंही बघा, क्रिएटिनिन वाढलंय.

सीवूड्सची_सायली | ११ जून

मृण्मयी, थांब. गोळी सुरू करायच्या आधी हे वाच.

आमचा शेरा पंजाबातला. तिकडे ग्रेहाउंडच्या शर्यतींचं मोठं वेड आहे. आला तेव्हा त्याचा रिपोर्ट तुझ्या रिपोर्टचा जुळा भाऊ शोभेल असा होता. त्यालाही थायरॉइडची गोळी लावली होती. ती चालू असताना सतत धापा टाकायचा, रात्रभर येरझाऱ्या, वजन उतरत चाललेलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की धडधाकट ग्रेहाउंडांचं टी-फोर लॅबच्या खालच्या मर्यादेच्या खाली असणं हे नेहमीचंच. खरंच थायरॉइड मंदावलंय का हे कळायला टी-फोरसोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) बघतात, जमल्यास फ्री टी-फोर (रक्तात मोकळं फिरणारं टी-फोर) हेही. टीएसएच वाढलेलं नसेल आणि कुत्रा सुस्त नसेल, तर उगाच हात लावायचा नाही.

मांड्यांच्या टकलाचंही तेच. ग्रेहाउंडांत ते सर्रास दिसतं आणि थायरॉइडशी त्याचा बहुतेकदा संबंध नसतो. शेराच्या मांडीवर एका बाजूला आपोआप केस आले, दुसरी बाजू अजून तशीच आहे. त्याला फरक पडत नाही, आम्हालाही नाही.

पारिजात | ११ जून

वाचनखूण साठवली. भावाने पुण्यात ग्रेहाउंड घेतलाय, त्याला पाठवते.

पशुवैद्य_ऐरोली | १२ जून

मी पशुवैद्य आहे. प्रत्यक्ष न बघता उपचार सांगणार नाही, फक्त रिपोर्ट कसा वाचावा ते सांगतो. सायलीताईंचं बरोबर आहे.

लॅबच्या रिपोर्टवर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती सगळ्या जातींचे कुत्रे एकत्र धरून काढलेली असते. ग्रेहाउंडचं शरीर पळण्यासाठी घडलंय. स्नायूंना प्राणवायू भरपूर लागतो, त्यामुळे तांबड्या पेशी जास्त: पीसीव्ही ५० ते ६३ हे या जातीत सहज आढळतं. प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमी, ८० हजार ते २ लाखांच्या दरम्यान. पांढऱ्या पेशीही कमी. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि या कुत्र्यांमध्ये स्नायूच जास्त, म्हणून तो आकडा चढा. टी-फोर कमी. हृदय मोठं, आणि त्यात बारीकशी मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येणं हेही नवलाचं नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ग्रेहाउंडांच्या रक्तावर बरीच वर्षं काम झालंय, ही माहिती मुख्यतः तिथून आली. मृण्मयीताईंनी दिलेले पाचही आकडे या जातीच्या हिशेबात बसतात.

क्रिएटिनिनबद्दल नानांची शंका रास्त आहे. त्यासाठी सकाळची पहिली लघवी तपासून घ्या. लघवी घट्ट असेल आणि तिच्यात प्रथिनं जात नसतील, तर किडनीची काळजी नको.

आणि हे सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. डॉक्टर बदलायची गरज मला तरी दिसत नाही. आपण ही जात पाहिलेली नाही असं तोंडाने सांगणारा डॉक्टर ऐकूनही घेतो.

नौपाड्याचे_नाना | १२ जून

डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून बोलतो. पुस्तकातला ग्रेहाउंड अमेरिकेतला, गोचीड मात्र ठाण्यातला. प्लेटलेट ८० हजारही चालतात असं एकदा डोक्यात बसलं, की खरा ताप आला तरी माणसं 'आमच्या जातीत असंच असतं' म्हणून घरी बसणार. त्यातच आमचा आठवडा गेला होता.

खारघर_टेकडी | १२ जून

नाना, अगदी हेच सांगायला आलो. उलट्या बाजूनेही फसगत होते.

आमची जाई ग्रेहाउंड. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस सोफ्यावरून उठेना. ग्रेहाउंड तसेही दिवसभर झोपतात, म्हणून आधी लक्षात आलं नाही. खायची, पण बळेबळे. हिरड्या फिक्या वाटल्या म्हणून रक्त काढलं. रिपोर्ट आला: पीसीव्ही ४१. एकही बाण नाही! लॅबच्या हिशेबाने एकदम नॉर्मल. दवाखान्यातल्या मुलीने हसत हसत सांगितलं, सगळं छान आहे.

बायकोने फाइलमधून आदल्या जानेवारीतला रिपोर्ट काढला. तेव्हा जाई ठणठणीत होती आणि पीसीव्ही ५७ होता. म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त रक्त उतरलं होतं आणि कागद काही बोलत नव्हता. आम्ही तिथेच अडून बसलो. डॉक्टरांनी कानाच्या कडेवरून थेंब घेऊन काचेवर पसरला, स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आम्हालाही दाखवला. तांबड्या पेशीत बारीकसे जांभळे ठिपके. बेबेसिया, गोचीडतापाचाच दुसरा प्रकार. उपचार लांबला, पण वाचली.

तेव्हा ग्रेहाउंडवाल्यांनी बाण असल्याची चिंता करावी तशी बाण नसल्याचीही करावी.

पशुवैद्य_ऐरोली | १२ जून

खारघरकर, तुमचा प्रतिसाद माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. पीसीव्ही ४१ हा लॅब्राडोरला ठीक, ग्रेहाउंडला तो रक्तक्षय समजायचा.

नाना, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणून मधला मार्ग सांगतो. एक आकडा सुटा बघायचा नाही. गोचीडतापात प्लेटलेट घसरतात, पण जोडीला बऱ्याचदा पीसीव्हीही उतरतो, आणि एर्लिकिया मुरलेला असेल तर ग्लोब्युलिन (रक्तातली एक प्रकारची प्रथिनं) चढतं. ग्रेहाउंडांचं ग्लोब्युलिन मुळात कमी असतं. म्हणजे प्लेटलेट कमी, पीसीव्ही ५८, ग्लोब्युलिन कमी आणि कुत्री तरतरीत असेल, तर हे बहुतेक जातीचं लक्षण. प्लेटलेट कमी, पीसीव्ही ४५, ग्लोब्युलिन लॅबच्या मर्यादेत 'नॉर्मल' आणि कुत्री मलूल, तर मी त्याच दिवशी उपचाराला लागेन.

मृण्मयीताई, तीन गोष्टी करून घ्या. प्लेटलेट काचेवर हाताने मोजायला सांगा. पेशींच्या गुठळ्या झाल्या की यंत्र कमी आकडा दाखवतं. दुसरं, गोचीडतापाची पीसीआर चाचणी, म्हणजे रक्तात खुद्द जंतूचा अंश शोधणारी. पटकन होणारी किटवाली चाचणी अँटिबॉडी दाखवते, ती जुन्या संसर्गानंतरही कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहू शकते. पीसीआरही कधीकधी चुकते, म्हणून ती बाकीच्या चित्राशी ताडून बघायची. तिसरं, टीएसएच. या चाचण्या होईस्तोवर हरणी तरतरीत असेल तर थांबता येतं. मलूल झाली तर थांबू नका.

मृण्मयी_कोलशेत | १२ जून

इतक्या लवकर इतकं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. ग्लोब्युलिनवरही खालचा बाण आहे, मी लिहायचं राहिलं. उद्या डॉक्टरांना फोन करते.

सांगलीचा_सुभाष | १३ जून

ताई, मी मूळचा तासगावचा, आता घणसोलीत. आमच्या चुलत्यांकडे पळणारी कुत्री होती, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आपल्याकडची शर्यत सरळ मैदानात होते, पुढे खोटा ससा दोरीने ओढतात. परदेशात अंडाकृती ट्रॅक असतो आणि कुत्री डाव्या हाताला वळत पळतात, त्यामुळे त्यांचा मागचा उजवा घोटा मोडतो, असं वाचलंय. आपल्या कुत्र्यांना मी बघितलं ते पंजांना आणि खांद्याला लागलेलं. ढेकळात पाय मुरगळतो, बोट निखळतं, नख मुळापासून उपटतं. हरणीची बोटं एकेक करून दाबून बघा. जुनं लागलेलं असेल तर पावसाळ्यात लंगडेल.

दुसरं म्हणजे, जुन्या मालकाला फोन करून प्रेमाने विचारा की इंजेक्शनं कसली देत होते. रागावून विचाराल तर सांगणार नाहीत. पाय सुजला की स्टिरॉइड टोचून पळवणारे लोक असतात. सगळे नाही, पण असतात.

दूध-अंडी-तूप-मटण असा खुराक असतो, दाताला चावायला काही नाही. दात बघून घ्या.

पशुवैद्य_ऐरोली | १३ जून

सुभाषराव, मोलाचा मुद्दा काढलात. स्टिरॉइडनेही टी-फोर खाली येतं. जुन्या मालकाशी बोलणं खरंच व्हायला हवं.

उजव्या घोट्याचंही बरोबर आहे. वळणावर सगळा भार त्या पायावर येतो आणि घोट्यातलं मधलं हाड मोडतं.

आजी_पाचपाखाडी | १३ जून

मला रक्ताचं कळत नाही. पण एवढी बारीक कुत्री म्हणजे तिला खायला कमी पडत असणार. आमच्या सोसायटीत एकांकडे असाच कुत्रा आहे, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी रोज त्याला गुपचूप चपाती-तूप घालते.

सीवूड्सची_सायली | १३ जून

आजी, तुमची माया कळते, पण ते तूप थांबवा हो! ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं पुसट दिसायलाच हवीत. निवृत्तीनंतर पळताना असायचं त्याहून किलो-दोन किलो वाढलं की पुरे. जास्त वजन झालं की तो भार त्या काटकुळ्या पायांवर येतो. आणि तूप जास्त झालं तर स्वादुपिंडाला सूज येते, फार दुखणं आहे ते.

आमच्याकडे शेजारच्या काकूंनी तर 'उपाशी ठेवतात' म्हणून प्राण्यांच्या संस्थेला फोन केला होता. त्यांची माणसं आली, शेराचं जेवण बघितलं, त्याच्याशी खेळून गेली. आता त्याच काकू त्याला लिफ्टमध्ये 'या साहेब' म्हणतात.

आजी_पाचपाखाडी | १३ जून

बरं बाई, तूप बंद. नुसती चपाती चालेल का?

सीवूड्सची_सायली | १३ जून

अर्धी. आणि मालकांना विचारून. :)

कारवानवाला_लातूर | १४ जून

माझ्याकडे कारवान आहे. मूळ गाव लातूरकडे, आता कळव्यात राहतो. हे आकडे आमच्या कुत्र्यालाही लागू होतात का? आणि दुसरं, आयव्हरमेक्टिनचं (जंत-गोचिडांवरचं) इंजेक्शन या कुत्र्यांना चालत नाही असं गावाकडे म्हणतात.

पशुवैद्य_ऐरोली | १४ जून

कारवान, मुधोळ, ग्रेहाउंड ही सगळी नजरेने शिकार करणारी कुत्री, पातळ कातडीची आणि अंगावर चरबी नसलेली, त्यामुळे भूल देतानाची काळजी सारखीच घ्यावी. रक्ताचे आकडे मात्र ग्रेहाउंडचे उचलून कारवानला चिकटवू नका. तुमचा कुत्रा ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून रिपोर्ट जपून ठेवा. खारघरकरांच्या जाईला तेच कामी आलं. त्याच्यासाठी तोच त्याचा नॉर्मल.

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत ज्या जनुकातल्या दोषामुळे जास्त मात्रा अंगावर येते, तो मुख्यतः कोली आणि त्यांच्या नात्यातल्या मेंढपाळ जातींत आढळतो. ग्रेहाउंड त्या यादीत नाही. पण गाईम्हशींचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचणं कोणत्याच जातीला बरं नाही. आणि गोठ्यात फवारायची कीटकनाशकं पाण्यात कालवून यांना आंघोळ घालू नका. या पातळ कातडीच्या कुत्र्यांना ती फार लवकर बाधतात.

खारघर_टेकडी | १४ जून

भुलेचा विषय निघालाच आहे तर सायली, शेराच्या दातांचं लिहा ना. तुम्ही मागे म्हणाला होतात.

सीवूड्सची_सायली | १४ जून

लिहिते. मृण्मयीलाही उपयोगी पडेल, कारण नसबंदी व्हायचीच आहे.

शेराचे दात आला तेव्हापासून खराब होते, सहा काढावे लागले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं की ग्रेहाउंडच्या यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी२बी११, कमी काम करतं, त्यामुळे काही भुलेची औषधं अंगातून फार हळू उतरतात. जुनं थायोपेंटोन तर यांना अजिबात नको. प्रोपोफॉल वापरतात, पण मात्रा मोजून, आणि उठायला वेळ लागतो हे धरून. शेरा एखाद्या लॅब्राडोरपेक्षा बराच वेळ झोपून होता. अंगावर चरबी नाही म्हणून टेबलावर थंड पडतात, त्याच्याखाली गरम गादी ठेवली होती.

त्या दिवशी सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशीही छान. त्या रात्री मात्र उशीवर लालसर पाणी दिसलं. तोंड उघडून बघितलं तर हिरडीतून रक्त झिरपत होतं, आणि गालावर, गळ्याखाली निळे डाग उठले होते. डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती म्हणून तडक गाडी काढली. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड दिल्यावर थांबलं.

पशुवैद्य_ऐरोली | १४ जून

हे ज्यांच्याकडे ग्रेहाउंड आहे त्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. या जातीत रक्ताची गुठळी नीट बनते, पण ती वेळेआधी विरघळते. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी काही जाणवत नाही, रक्तस्राव सुरू होतो तो ३६ ते ४८ तासांनी, म्हणजे घरी गेल्यावर. साध्या नसबंदीनंतरही साधारण चारातल्या एका ग्रेहाउंडला हा त्रास झालेला नोंदलाय. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या आधी केल्या तरी त्या ठीकच येतात, म्हणून त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

उपाय अवघड नाही. गुठळी टिकवणारं औषध, ट्रॅनेक्सॅमिक किंवा अमिनोकॅप्रोइक अ‍ॅसिड, ऑपरेशनच्या आधीपासून किंवा त्याच दिवशी सुरू करून पुढचे काही दिवस द्यायचं. आपल्याकडे ट्रॅनेक्सॅमिक माणसांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळतं, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. नसबंदी शुक्रवारी करून घेऊ नका. तिसरा दिवस रविवार येतो आणि तेव्हाच डॉक्टर सापडत नाही.

नौपाड्याचे_नाना | १४ जून

शुक्रवारचं लाखमोलाचं सांगितलंत.

वाशीचा_विन्या | १६ जून

विषय थोडा वेगळा, पण ग्रेहाउंडवाले सापडलेत म्हणून विचारतो. आमचा राजा तीन आठवडे लंगडतोय. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर पाय उचलतो, समोरच्या मैदानात गवतावर मस्त पळतो. एकाने मुरगळलाय म्हणून गोळ्या दिल्या, फरक नाही.

खारघर_टेकडी | १६ जून

विन्या, पंजाची गादी बघ. मधल्या दोन बोटांच्या गाद्या ओल्या कापडाने पुसून उजेडात धर. गोल, कडक, कडेने वेगळा दिसणारा ठिपका आहे का? कुरूप असणार. माणसाला होतं तसंच. कडक जमिनीवर खडा टोचल्यासारखं दुखतं, गवतावर नाही.

जाईला आहे. डॉक्टर ते कोरून काढतात, काही आठवडे बरं वाटतं, परत येतं. आम्ही सिमेंटवर चालताना मऊ तळाचा बूट घालतो आणि घरी गादीला मलम चोळतो. इंग्लंडमध्ये बोट वाकवणारा स्नायुबंध कापून तिथला दाब कमी करतात, त्याने बऱ्याच कुत्र्यांची कुरपं गेलीत.

पशुवैद्य_ऐरोली | १६ जून

वर्णन कुरपाचंच वाटतंय. तरीही विनायकराव, तीन आठवडे झालेत, एक्स-रे काढून घ्याच. ग्रेहाउंडांत हाडाच्या कर्करोगाचं प्रमाण इतर जातींपेक्षा बरंच जास्त आहे, आणि त्याची सुरुवात अशीच साध्या लंगडण्याने होते. खांद्याजवळ, मनगटाच्या वर, गुडघ्याच्या आसपास दाबून दुखतंय का बघा. घाबरवत नाही, पण या जातीत दोन आठवड्यांवर टिकलेलं लंगडणं मी एक्स-रेशिवाय 'मुरगळलाय' म्हणून सोडत नाही.

वाशीचा_विन्या | १६ जून

उद्याच जातो. गादीवर तसा ठिपका आहे, आत्ताच बघितला.

रानवाट | १७ जून

एवढं पळणारं कुत्रं आहे तर येऊरला नेऊन मोकळं सोडता येईल ना? मी आमच्या इंडीला (देशी कुत्र्याला) नेतो.

मृण्मयी_कोलशेत | १७ जून

येऊर नको, प्लीज. राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, पाळीव कुत्र्यांना तिथे मनाई आहे, आणि बिबटे आहेत. तुमच्या इंडीलाही नेऊ नका.

हरणीला मी कुठेच मोकळं सोडत नाही. समोर मांजर दिसलं की ती तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने सुटते, तेव्हा हाक ऐकू येत नाही तिला. घोडबंदर रोड जवळ आहे. गळ्याला मार्टिंगेल पट्टा लावते, कारण हिची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा मागे सरकली की निघून येतो. एका मैत्रिणीचं कुंपणाचं आवार आहे, आठवड्यातून एकदा तिथे पळते आणि मग दोन दिवस झोपते.

सीवूड्सची_सायली | १७ जून

कुंपणाला तारा नाहीत ना बघ. यांची कातडी इतकी पातळ की तारेला घासलं तरी चिरते. शेराला गल्लीतल्या कुत्र्याने नुसतं धरलं तर हातभर कातडं सोललं होतं.

पावसाचं कोणी बोललं नाही अजून. साचलेल्या पाण्यातून चालवू नका, लेप्टोची लस वेळेवर द्या. नाइन इन वनमध्ये लेप्टो असतो, पण त्याचे सगळे प्रकार नसतात, म्हणून लस दिली तरी पाणी टाळायचंच. फिरून आलं की पाय धुऊन बोटांच्या मधे कोरडं करा, गोचीडही तिथेच सापडतात. आणि एसीच्या खोलीत पांघरूण द्या. मे महिन्यात यांना धाप लागते आणि एसी लावला की कुडकुडतात. काय करणार, अंगावर ना केस ना चरबी.

पारिजात | १७ जून

भावाचा कुत्रा उघड्या डोळ्यांनी झोपतो. जवळ गेलं की एकदम दचकून गुरगुरतो. आजार आहे का काही?

खारघर_टेकडी | १७ जून

नाही. बरेच ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात. आयुष्यभर एकट्याने खोलीत झोपलेलं कुत्रं, झोपेत कोणी हात लावायची सवय नसते. आधी नावाने हाक मारायची, मान उचलली की मगच जवळ जायचं. घरात लहान मूल असेल तर त्याला हे पहिल्या दिवशी शिकवा.

मृण्मयी_कोलशेत | २३ जून

सगळं हातात आलं, म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी स्वतः काच बघितली. गुठळ्या होत्या. हाताने मोजल्यावर प्लेटलेट १ लाख ४० हजार. पीसीआर निगेटिव्ह. टीएसएच मर्यादेत. लघवी घट्ट, प्रथिनं नाहीत. इथली माहिती मी छापून नेली होती, त्यांनी बसून वाचली, स्वतः आणखी शोधलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला: थायरॉइडची गोळी नको, डॉक्सीही आत्ता नको. हरणीच्या फाइलवर त्यांनी लाल पेनाने 'ग्रेहाउंड' लिहून त्याखाली तिचे आकडे टाकलेत.

सुभाषदादा, जुन्या मालकांशी बोलले. फार साधा माणूस. 'खात्ये का नीट?' हे आधी विचारलं. गेल्या हंगामात पाय सुजल्यावर दोन-तीनदा इंजेक्शन दिल्याचं सांगितलं, नाव माहीत नाही. शेवटचं दिवाळीच्या आधीचं.

नाना, तुमचं ऐकून गोचिडाची दर महिन्याची गोळी सुरू केलीय, आणि रोज संध्याकाळी हिरड्यांचा रंग बघते.

नौपाड्याचे_नाना | २३ जून

शाब्बास. हिरड्या, कान, बोटांची बेचकी, शेपटीखाली. रोज. आणि पीसीव्ही पन्नासच्या खाली दिसला की माझ्या पहिल्या प्रतिसादासारखं वागायचं.

पशुवैद्य_ऐरोली | २३ जून

अनुमोदन. इंजेक्शन दिवाळीच्या आधीचं, म्हणजे ते स्टिरॉइड असलं तरी आता त्याचा परिणाम उरलेला नसणार. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा रक्त बघा, म्हणजे तुलनेला दोन रिपोर्ट होतील. नसबंदी कधी?

मृण्मयी_कोलशेत | २३ जून

ऑक्टोबरमध्ये, मंगळवारी. :) ट्रॅनेक्सॅमिकचं डॉक्टरांशी बोलणं झालंय. एकच काळजी आहे, रक्त लागलंच तर कुठून आणायचं?

पशुवैद्य_ऐरोली | २४ जून

त्याच दिवशी एक दाता तयार ठेवा. कुत्र्यांमध्येही रक्तगट असतात. ग्रेहाउंडांत डीईए १ (कुत्र्यांचा एक मुख्य रक्तगट) निगेटिव्ह असणारे पुष्कळ, आणि पीसीव्ही जास्त असल्याने त्यांचं रक्त इतर कुत्र्यांनाही फार उपयोगी पडतं. परदेशात रक्तपेढ्यांसाठी त्यांना मुद्दाम शोधतात. मात्र ज्याला पूर्वी गोचीडताप होऊन गेलाय त्याचं रक्त घेत नाहीत, म्हणजे जाई नको. शेरा चालेल का, वय काय त्याचं?

सीवूड्सची_सायली | २४ जून

सहा वर्षं, ३३ किलो, लसी पूर्ण. गोचीडताप कधी झालेला नाही, पण पीसीआर करून घेते. रक्तगटही तपासते. मृण्मयी, तारीख नक्की झाली की कळव, त्या आठवड्यात आम्ही ठाण्यातच बहिणीकडे राहू.

वाशीचा_विन्या | २४ जून

राजाचा एक्स-रे स्वच्छ आला. कुरूपच निघालं, काल कोरून काढलं. त्याचाही रक्तगट बघायला सांगतो डॉक्टरांना, दोन दाते असलेले बरे. खारघरकर, तो मऊ तळाचा बूट कुठून घेतलात, माप कसं घ्यायचं?

खारघर_टेकडी | २४ जून

कुत्र्याला कागदावर उभं करून पंजाभोवती पेन्सिल फिरव, भार टाकलेला असताना. पुढच्या पायाचं माप मागच्यापेक्षा मोठं येतं. दुकानाचं नाव व्यनि करतो.